शालनवहिनींची रुई

शालनवहिनी गेल्याचं मला शाळेच्या मधल्या सुट्टीत कळलं. शेजारच्या चौगुल्यांनी निरोप धाडला होता, झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. चला, तेवढं तरी बरं... पण दहाव्याला नदीवर जमलेल्यांपैकी एक गृहस्थ म्हणाले, "फार सोशिक बाई होत्या हो," आणि माझं डोकंच फिरलं. आमची भिंतीला भिंत लागून होती. वहिनींना हट्टी म्हणा, फटकळ म्हणा, मी मान डोलावीन. सोशिक त्या नव्हत्या. हे लिहायला बसले ते तेवढ्यासाठीच.

त्या हातकणंगल्याच्या. साठ-एकसष्ट सालच्या सुमारास त्यांचं लग्न ठरलं ते कोल्हापुरात कचेरीत कारकून असलेल्या आप्पांशी. आप्पांच्या दोन बायका एकामागोमाग वारलेल्या, पदरात दुसरीची लहानगी मंगल. तिसरी बायको लाभत नाही, तीही जाते, असं जुनी माणसं मानायची. म्हणून आधी नवरदेवाचं लग्न रुईच्या झाडाशी लावायचं. म्हणजे तिसरी ती रुई, आणि मरण तिच्या माथी. तसंच झालं. हातकणंगल्याच्या स्टेशनामागच्या माळावरच्या रुईला हळद लागली, अक्षता पडल्या आणि विधी उरकल्या उरकल्या तिच्यावर कुऱ्हाड चालली. वहिनी लांबून बघत होत्या. "पांढरा चीक गळत हुता बघा, थांबंना..." त्या मला सांगायच्या. "लोक म्हणली, सवत गेली. सवत कसली? माझ्या वाटणीचं मरण घिऊन गेली ती." पडलेल्या फांदीवरचं एक उकललेलं बोंड त्यांनी उचललं, आतल्या रेशमी म्हाताऱ्या उडून जाऊ नयेत म्हणून पदराच्या गाठीत बांधलं आणि ते घेऊन सासरी आल्या.

आमच्या कॉलनीत अंगण म्हणजे गुलाब, मोगरा, फार तर कर्दळ. वहिनींनी फाटकाशी रुईचं बी टाकलं. रोपं वर आली तशा सासूबाई कडाडल्या, "दारात रुई? घर उजाड पाडायचं हाय काय?"

"माझ्यासाठी मेली की ती. तिला दारात जागा न्हाय, तर मला तरी कशाला?"

आप्पा गरीब स्वभावाचे. "ऱ्हाऊ दे, आई," एवढंच म्हणाले. माझ्या माहितीत आप्पा आईला उलट बोलले ते तेवढं एकदाच.

पोरांच्या डोळ्यांत चीक जाईल, ही चौगुल्यांची तक्रार मात्र खरी होती, आणि वहिनींनी ती मानली. भिंतीलगतची झाडं काढून आत लावली, भोवती कुंपण घातलं, गल्लीतल्या पोरांना एकेक करून दम भरला. पण पुढं चौगुले 'अपशकुनी' म्हणाले, तेव्हा भर रस्त्यात त्यांना थांबवून विचारलं, "दर शनवारी मारुतीला रुईचा हार घालताय न्हवं? देवाच्या गळ्यात चालती आणि माझ्या दारात चालत न्हाय व्हय?" चौगुले पिशवी सावरत निघून गेले. त्या पिशवीत हारच होता. शनिवार होता तो!

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नळाला पाणी येईना, तिथे मोगऱ्याला कोण घालणार? सगळ्यांची अंगणं करपली. वहिनींची रुई तेवढी, थेंबभर पाणी न मागता, जांभळ्या फुलांनी डवरून उभी. काळे भुंगे दिवसभर तिच्यावर घुमायचे आणि तिथून शेजारच्या शेवग्यावर जायचे. पानांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या अळ्या लागल्या, तर वहिनी त्यांना हात लावू देईनात. "खाऊ दे की. दुसरं काय हाय त्यास्नी खायला?" त्या अळ्यांची पुढं केशरी फुलपाखरं झाली. गल्लीभर वाळलेल्या कुंड्या आणि वहिनींच्या फाटकाशी ती केशरी भिरभिर... सासूबाईसुद्धा ओट्यावर बसून बघायच्या.

वहिनी एकदाच डगमगल्या. मंगलला बघायला चांगल्या घरची माणसं आली होती. मुलगी पसंत पडली. निघताना मुलाचे काका फाटकाशी थबकले. "तेवढी रुई काढून टाका. मांडव दारात पडायचाय." पाहुणे गेले. वहिनी परसात जाऊन कुऱ्हाड घेऊन आल्या. मी धावले. त्या म्हणाल्या, "सरका. पोरीचं कल्याण हुत असंल तर..." तेवढ्यात मंगल नव्या लुगड्यानिशी बाहेर आली आणि तिने त्यांच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली. वहिनींना ती आजवर 'काकी' म्हणायची.

"आई, एकदा तोडली तेवढी बास. माझ्यासाठी आणि कुणी मरायला नगं."

ते स्थळ गेलं. वर्षभर लोकांनी वहिनींना बोल लावले, सावत्र ती सावत्रच म्हणाले. वहिनी त्यांच्या तोंडावर हसायच्या. पुढं मंगल कबनूरला दिली, यंत्रमाग असलेल्या घरात. मांडव पडला तो रुईच्या शेजारीच.

सासूबाई गेल्या, आप्पा गेले. जी मरायची म्हणून एवढा खटाटोप केला, तीच सगळ्यांना पोचवून मागे राहिली. आता तीही गेली.

तेराव्यानंतर मंगल घर बंद करायला आली. वहिनींच्या खाटेजवळची खिडकी ओढू लागली, तर चौकटीला एक हिरवा कोष लटकलेला. कुठूनशी अळी चढून आली असेल. मंगलने खिडकी तशीच उघडी ठेवली आणि दाराला कुलूप घातलं. चौगुले म्हणाले, "अगं, चोर शिरतील."

"शिरू देत. काय न्यायचं ते नेऊ देत," मंगल म्हणाली आणि किल्ली माझ्या हातात देऊन गाडीला गेली.

परवा बघितलं, कोष रिकामा होता, फुलपाखरू उडून गेलेलं. चौगुल्यांनी भिंतीवरून विचारलं, "मास्तरीणबाई, आता तरी खिडकी लावणार का?"

"न्हाय," मी म्हटलं. "दुसरं येईल की."