संध्याकाळी सहाची डिस्क

“पहिले आकडे वाचायचेच नाहीत, ती असते मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी, आणि सरासरीला कधी ताप चढत नाही.”

कार्लीन लाहती हे एकदाच बोलली, पण चौदा वाचनालयांत ते वाक्य तिच्या नावाने फिरत राहिलं. सुपीरियर सरोवराच्या दक्षिण काठाला, तांब्याच्या खाणी बंद पडल्यावर जी गावं उरली, त्यांची ही वाचनालयं. त्यांची पुस्तकं, सभासद, कुणी काय नेलं आणि काय परत केलं, हे सगळं एकाच मशीनवर होतं, आणि ते मशीन हँकॉकमध्ये या वाचनालयांच्या संघाच्या कचेरीखालच्या तळघरात. चौतीस वर्षं तिथल्या मशीनांची राखण कार्लीनकडे होती.

तिचा बाप खाणीच्या तोंडाशी बसून माणसांचा पिंजरा वर-खाली करायचा. खाली काय चाललंय ते त्याला कधी दिसलं नाही. समोरचा काटा आणि घंटेचे टोले, एवढ्यावर त्याने हयात काढली. कार्लीनचंही तसंच झालं. कार्डं टाइप करायला म्हणून ती संघात आली आणि एका जाडजूड पुस्तकावरून आज्ञा शिकत गेली. रंगीत आलेखांवर तिचा विश्वास बसला नाही. काळ्या पडद्यावर ती ‘आयओस्टॅट’ लिहायची, पुढे दोनचा आकडा द्यायची, म्हणजे दर दोन सेकंदांनी डिस्क किती वाचते, किती लिहिते आणि कामं किती वेळ ताटकळतात हे ओळीमागून ओळ उतरत राहायचं. समजवायची तेही साधंच: “पोस्टातला कारकून किती राबतोय ते नंतर बघ. आधी खिडकीपुढची रांग बघ.”

जानेवारीत तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तीन महिने ती बहिणीकडे पडून होती. एप्रिलच्या एका सोमवारी काठी टेकत कामावर आली, तर टेबलापाशी रॉजर पेनहेल बसलेला. कॅटलॉगचा प्रोग्राम रॉजरचा. अकरा वर्षं त्याने तो एकट्याने लिहिला, वाढवला, निस्तरला. त्याच्यापुढे कागदात गुंडाळलेली पेस्टी, मांस भरलेली मोठ्या करंजीसारखी, तशीच थंड होत होती.

“खात का नाहीस रे?”

“भूक मेली. आज संध्याकाळी संघाची बैठक आहे. माझा प्रोग्राम काढून बाहेरच्या कंपनीचा आणतायत.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही?”

“तुझं हाड जोडायचं होतं, कार्लीन. त्यात माझं मोडलेलं कुठे सांगू?”

ती नसताना हिवाळाभर वाचनालयांच्या तक्रारी येत होत्या. रोज संध्याकाळी पाऊण तास कॅटलॉग गोठतो, पुस्तक नोंदवायला पाच-पाच मिनिटं लागतात, लोक पुस्तकं काउंटरवर टाकून निघून जातात. संघाने पुलापलीकडून, खालच्या मिशिगनमधून, ब्राइस नावाचा सल्लागार बोलावला. त्याने एका दुपारी डिस्क तपासली आणि कागद दिला: डिस्क फक्त तीन टक्के व्यग्र, दोष प्रोग्रामचा.

कार्लीनने कागद हातात घेतला. आकड्यांचा एकच गठ्ठा. आज्ञेपुढे दोनचा आकडा नाही, काही नाही; म्हणजे नुसते ते पहिले आकडे. ती जोरात हसली.

“हा पोरगा एकदा विचारून उठून गेला. डिसेंबरात मशीन लावलं तेव्हापासूनची सरासरी मोजून आणलीन! तीन टक्के म्हणे. चोवीस तासांतली चाळीस मिनिटं म्हणजे किती रे?”

रॉजर बोटांवर मोजायला लागला आणि थांबला. “जवळजवळ तीन टक्के.”

“मग? तेवढी चाळीस मिनिटं डिस्क पार गुदमरली आणि उरलेला दिवस झोपली, तरी कागद हाच येणार.”

रॉजर निघून गेल्यावर तिने तक्रारींच्या वेळा एकाखाली एक लिहिल्या. मार्चच्या मध्यापर्यंत पाच वाजता. मग सहा वाजता. रोज. मधल्या एका रविवारी, दरवर्षी उन्हाळ्यासाठी करतात तशी, सगळ्या देशाने घड्याळं तासभर पुढे केली होती. माणसं तासभर सरकली, आणि ते जे काही होतं ते जागेवरच राहिलं. म्हणजे ते इथल्या घड्याळावर चालत नव्हतं.

तिचे हात थांबले. डिसेंबरच्या शेवटी हे नवं मशीन तिनेच लावलं होतं. सगळ्या नोंदींची रोजची नक्कल रात्री दहाला, वाचनालयं बंद झाल्यावर घ्यायची, म्हणून वेळेच्या जागी बावीस लिहिलं होतं. जुन्या मशीनवर वर्षानुवर्षं तेच लिहीत आली होती, बोटांना पाठ. नव्या मशीनचं घड्याळ ग्रीनिचच्या, वर्षभर न सरकणाऱ्या वेळेवर आहे, हे तिने पाहिलंच नव्हतं. त्या वेळेने रात्रीचे दहा होतात तेव्हा हँकॉकमध्ये संध्याकाळ असते: हिवाळ्यात पाच, घड्याळं पुढे केल्यावर सहा.

भिंतीवर चार वाजले होते. एक आकडा बदलला असता तर सहाला काहीच घडलं नसतं. दुखणं आपोआप बरं झालं म्हणाले असते, आणि तिचं नाव स्वच्छ राहिलं असतं. पण बैठकीपुढे ब्राइसचा कागद तेवढा उरला असता, आणि त्या कागदावर रॉजरची अकरा वर्षं पुसली गेली असती. तिने त्या ओळीला हात लावला नाही. रॉजरने तशीच टाकलेली पेस्टी अर्धी खाल्ली. तिला भूक लागली होती.

साडेपाचला बैठक सुरू झाली. अध्यक्ष ऑलिव्ह डुशेनबाई टोकाला बसल्या होत्या. शेजारी वही घेऊन चिटणीस फर्न, समोर ब्राइस आणि रॉजर. कार्लीनने आपला काळा पडदा प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवला होता.

“मॅडम, डिस्क मी तपासलीये,” ब्राइस अदबीने म्हणाला. “तीन टक्के.”

“तपासलीस ना? मग बस आणि सिनेमा बघ.”

“कार्लीन, आम्हाला यातलं काही कळत नाही हं,” ऑलिव्हबाई म्हणाल्या.

“शेवटचा रकाना बघा, ऑलिव्हबाई. आत्ता तिथे एक, दोन, शून्य आहे. तो कारकून, शंभरातला किती राबतोय ते. त्याच्या आधीचा रकाना रांगेचा.”

सहाला दोन मिनिटं कमी. शून्य, एक, दोन. कुणीतरी घसा खाकरला. सहा वाजले. एक. मग अठ्ठ्याऐंशी. मग शंभर, आणि खाली ओळीमागून ओळ शंभर. रांगेचा आकडा चाळीसवर गेला. फर्नचा फोन खणखणला, लान्स गावच्या वाचनालयातून.

“हो गं बाई, गोठलाय,” फर्न फोनमध्ये म्हणाली. “इथे आम्ही सगळे बघतोय.”

ब्राइस पुढे वाकला. त्याचे कान लाल झाले होते, पण पोरगा प्रामाणिक होता. “मी एकदाच चालवलं,” तो म्हणाला. “चूक झाली. पण एवढं लिहितंय कोण?”

कार्लीनने दुसरी आज्ञा दिली: आयओटॉप. कोणतं काम डिस्कला किती झोंबतंय ते यात दिसतं. सर्वांत वर एकच काम होतं आणि त्यासमोर मालकाचं नाव, लाहती. रॉजरचा प्रोग्राम खूप खाली, मुकाट रांगेत उभा.

ऑलिव्हबाईंनी चष्मा सावरला. “हे लाहती म्हणजे…”

“मी. रात्रीची नक्कल संध्याकाळी लावून बसले. घड्याळ बघितलं नाही. रॉजरच्या प्रोग्राममध्ये काही खोट नाही.”

“तुला कधी कळलं हे?” रॉजरने विचारलं.

“चार वाजता.”

“मग गुपचूप बंद करायचीस ना! माझ्या तोंडून चकार शब्द निघाला नसता.”

“आणि यांना काय दाखवलं असतं? तुझी थंड पेस्टी?”

हशा पिकला. तिने चालू नक्कल थांबवली. पडद्यावर शंभराचा एक शेवटचा आकडा आला आणि त्याखाली दोन. मग बावीसच्या जागी तिने दोन लिहिलं. “ग्रीनिचचे दोन म्हणजे इथे उन्हाळ्यात रात्रीचे दहा, हिवाळ्यात नऊ. दोन्ही वेळेला दारं बंद.”

हात वर करायची वेळ आली तेव्हा कंपनीच्या बाजूने एकही हात गेला नाही. रॉजरने दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला.

“आता नोंद काय करायची?” फर्नने विचारलं. “‘यंत्रातल्या बिघाडामुळे’ असं लिहू?”

“तसंच लिही,” ऑलिव्हबाई म्हणाल्या. “चौतीस वर्षं झाली तिला इथे. नाव कशाला हवं?”

दोघातिघांनी माना डोलावल्या. कार्लीनने काठी उचलली आणि फर्नच्या खुर्चीपाशी येऊन वही आपल्याकडे ओढली. ‘यंत्रातल्या बिघाडामुळे’ यावर सरळ रेघ मारली. वर आपलं पूर्ण नाव लिहिलं, पुढे काय चुकलं ते एका ओळीत, आणि तारीख घातली. पेन वहीत ठेवून वही मिटली, अंगात कोट चढवला, आणि कुणी काही बोलायच्या आत दार उघडून बाहेर पडली.