गोठ्यातल्या कपाचं वाक्य

माझ्या लिखाणावर पट्टी आली होती: 'हा मजकूर सदस्यांना आवडलेला नाही.' खाली उलट्या अंगठ्यांची रांग. दवाखान्यात कपडे बदलायच्या खोलीत उभी राहून वाचलं. नर्सचा पोशाख अर्धा चढवलेला. कान तापले.

आमच्या जिल्ह्यातल्या लोकांची ती साइट. आपण आठवणी लिहायच्या, बाकीच्यांनी अंगठा वर करायचा नाहीतर खाली. खाली फार झाले की मजकूर झाकला जातो. मी अंबाडीच्या भाजीवर लिहिलं तेव्हा सगळे अंगठे वर होते. 'ताई, अजून लिहा' म्हणायचे.

मग विषय आला, बालपणीची मैत्रीण. मी मंदावर लिहिलं. सिंदीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तिच्या घरी मला चहा मिळायचा, कान तुटलेल्या कपात. कप गोठ्यातल्या कोनाड्यात असायचा. प्यायचा, आपणच धुवायचा, पालथा ठेवायचा. मला वाटायचं, हा खास माझ्यासाठी राखलेला. घरी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. माय त्यांच्याच वावरात निंदायला, तण काढायला जायची. चुलीकडे बघत म्हणाली, "मले बी त्याच कपात देतेत."

एवढंच लिहिलं. शिवी नाही. मंदाचं आडनावही नाही.

हे खोटं आहे, असं कुणी म्हणालं नाही. कुणी काही विचारलं नाही. नुसते अंगठे. एकानं तेवढं लिहिलं, इथे जात आणू नका.

जात मी आणली?

संध्याकाळी नालवाडीला घरी आले, तर साइट चालवणाऱ्या निवृत्त प्राध्यापकांचा फोन. गोड बोलत होते. बहुमताचा मान राखावा, म्हणाले. कपाचं तेवढं वाक्य काढा, मजकूर लगेच उघडतो. मी बरं म्हणाले. खरंच म्हणाले. ज्यांनी मला ताई म्हटलं, ती माणसं मला हवी होती. वाक्य काढायला बसले.

तेवढ्यात मंदाचा फोन. कित्येक वर्षांनी.

"आमी तुले कधी उपाशी पाठवलं काय वं?"

"नाई पाठवलं."

"मंग काऊन लिहिलं असं?"

"तो कप गोठ्यात काऊन होता, मंदा?"

तिनं सांगितलं, आपणही अंगठा खाली केला होता. घरचे सगळे वाचतात म्हणाली, आणि फोन ठेवला.

मंदा निदान बोलली. भांडली. बाकीच्यांनी नुसतं बोट टेकवून मला गोठ्यात परत पाठवलं होतं. आणि आता कप धुवून पालथा ठेवायचा तोही मीच? माझ्याच हातानं?

प्राध्यापकांना साइटवरच लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं. वाक्य राहील. ज्याला पटत नाही त्यानं नावानिशी लिहावं, मी प्रत्येकाला उत्तर देईन. मला साइटवरून काढायचं तर काढा. कारण मात्र लिहून द्या.

अंगठे पुन्हा पडायला लागले. एकेक खाली.

मी फोन बंद केला नाही. बघत राहिले. एक शब्द मागे घेतला नाही. घेणार नाही.