हात न लावता हललेली टोळी

श्रीगोंद्याकडच्या एका शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. बल लावल्याशिवाय वस्तू जागची हलत नाही, हे ओरडून ओरडून घसा बसला. निवृत्त झालो, स्वतःच्या दोन एकर उसाला तोड मागायला निघालो आणि कळलं, कप्पाळ! पोरांना सगळं अर्धवटच शिकवलंय.

उसाला तुरा आला होता. तुरा आला की ऊस आतून पोकळ पडत जातो, म्हणून माझा जीव वरखाली. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात अर्ज दिला. दुसरा दिला. तिसऱ्या खेपेला साहेबांच्या टेबलावर हात आपटला. टेबल हललं, साहेब काही हलले नाहीत.

माझ्या बांधाला लागून माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीचं रान. तिची उसाची लागण माझ्याआधीची, म्हणून तोडीचा नंबरही आधी. ऊस निघाल्यावर तिथं कांदा लावायचा म्हणून तिनं रोप टाकलेलं, ते लावणीला आलेलं. तरी बाई शांत.

"सर, नंबर हाय ना आपला? आधी माझा, मग तुमचाच की."

मला कुठला एवढा धीर! तिच्याच वर्गातला एक पोरगा आता पुढारी झालाय, त्याला फोन लावला. 'बलाची व्याख्या लिहा' या प्रश्नाला यानं लिहिलं होतं, 'आमच्या आण्णांनी नुसतं सांगितलं की काम होतं, ते बल.' मी भोपळा दिला होता.

"काय सर तुमी पन! आधी न्हाई का सांगायचं?" म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊसतोडीची टोळी माझ्या बांधावर हजर. ना दोर, ना धक्का. अहो, गुरुत्वाकर्षणसुद्धा अंतर वाढलं की कमी होतं. हा माणूस पुण्यात बसलेला, तरी त्याचा जोर तसूभर उतरला नव्हता. भोपळा द्यायला मीच चुकलो, असं मनाशी कबूल करून मी खुशीत टोळीला चहा टाकला.

"इतक्या लवकर कुठून आलात हो?" मी मुकादमाला विचारलं.

"ह्या शेजारच्याच फडातनं. कालच निम्मा तोडून झाला हुता. फोन आला, म्हनले आधी सरांचं उरका."

बांधापलीकडं अर्धा ऊस उभा होता. ती रोपाच्या जुड्या ओल्या गोणपाटात घेऊन उभी होती. मला वाटलं, आता शिव्या घालणार.

"सर," ती म्हणाली, "नंबर माझा हुता ना?"

त्याच पेपरात तिनं व्याख्या शब्दन् शब्द बरोबर लिहिली होती. मी पैकीच्या पैकी मार्क दिले होते, तो पेपर सगळ्या वर्गाला दाखवला होता.

टोळीला परत जा म्हणणं माझ्या हातात होतं. लाज वाटली, लई वाटली. पण मी खाली मान घालून चहा ओतत राहिलो आणि माझ्या उसावर पहिला कोयता पडला.