पडवीतला पावस रस्ता

रघूअण्णा शिवलकरांना आयुष्यात कोणी कोणी मागे टाकलं हे विचारण्यापेक्षा कोणी टाकलं नाही हे विचारावं. उत्तर लवकर मिळतं. सायकली पुढे गेल्या, म्हशी गेल्या, डोक्यावर पाटी घेतलेल्या मासेवाल्या गेल्या. एकदा तर अख्खी वरात पुढे गेली, आणि तिच्यातला नवरा पायी होता, शिवाय नवी चप्पल चावत असल्याने लंगडत होता. अण्णा बांधकाम खात्यात रोड रोलर चालवायचे. दिवसभरात जेवढे पुढे जायचे, जवळजवळ तेवढेच मागे यायचे. रत्नागिरीहून पावसला जाणारा रस्ता त्यांनी असा इंच इंच दाबला होता की झोपेत कूस बदलतानाही ते भाट्याच्या पुलापलीकडचं वळण घेतल्यासारखी बदलत.

दुपारी हौसाबाई डबा घेऊन यायच्या. नवं लग्न होतं, म्हणून थोडा वेळ रोलरच्या कडेने चालायच्या, त्या घरघरीत ओरडून दोन गोड शब्द बोलायच्या. मग कंटाळायच्या. "डबा पुढे पिंपळाखाली ठेवते हां. या सावकाश," म्हणून झपाझप निघून जायच्या. अण्णा पिंपळाखाली पोचेपर्यंत आमटी गार झालेली आणि बायको घरी पोचलेली.

रोलरच्या त्या तापलेल्या बैठकीवर मात्र अण्णा वाऱ्यावर असायचे. उजव्या हाताला समुद्र, आणि मनातला रोलर असा सुसाट सुटलेला की माड एकात एक मिसळून हिरवी भिंत व्हायचे. मागे राहिलेल्यांना ते स्वप्नात प्रेमाने हात करायचे. कोंबडी समोर आडवी आली की जाग यायची. कोंबडीला पळायची घाई नसायची. तीही त्यांना ओळखून होती.

निवृत्त झाल्यावर मोबाइलवर त्यांना एक परदेशी गृहस्थ दिसला. फळीत खाच पाडून, तिच्यात हाताएवढ्या गाड्या पळवत बसला होता. अण्णांनी तो व्हिडिओ जेवताना पाहिला, देवपूजेआधी पाहिला, आणि एका सकाळी जाहीर केलं, "मरायच्या आधी एकदा तरी कोणालातरी मागे टाकायचं."

घरात हौसा पहिल्यापासून होती. हौस ही अशी उशिरा आली.

लवू सुताराने पडवीत दोन बाकांवर प्लायवूडची मोठी फळी टाकली. "अण्णा, ह्याच्यावर जेवणार की झोपणार?" त्याने विचारलं.

"ह्याच्यावरून पावसला जाणार."

"मग डबा बरोबर घ्या," लवू म्हणाला आणि मशीन लावून शेजारी शेजारी दोन खाचा पाडू लागला. फळीवर पेन्सिलीने रस्ता अण्णांनीच काढला होता: भाट्याचा पूल, चढण, पावस, आणि फिरून परत पूल. खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी चिकटवली, तिच्यात वीज सोडली. गाडीच्या पोटाखालची खुंटी खाचेत बसवायची आणि हातातला खटका दाबायचा. जेवढा दाबाल तेवढी गाडी पळते.

पहिल्या दिवशी गाडी पळाली, वळणावर उडाली आणि हौसाबाई पाखडत होत्या त्या सुपातल्या कुळथात शिरली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा हौसाबाई सूप खाली ठेवून उठल्या. वळणावरून बोट फिरवलं. रंगारी भिंतीच्या भेगांत भरतात ती लांबी आतल्या कडेला थापून थापून अण्णांनी वळण बाहेरच्या बाजूला उतरतं केलं होतं.

"अहो, हा ढाळ कसला?"

"पाणी वाहून जायला नको?"

"पडवीत?"

रस्ता म्हटला की ढाळ आलाच. अण्णांचा हात आपोआप चालला होता.

"आता छत्री घेऊन खेळा," हौसाबाई म्हणाल्या.

दोन दिवस अण्णांनी ढाळ खरवडून उलटा केला. रस्ता आतल्या बाजूला कलता करताना त्यांना खात्याचे साहेब मागे उभे असल्यासारखं वाटत होतं. पण गाडी आता वळणाला चिकटून राहू लागली.

मग प्रश्न आला, मागे टाकायचं कोणाला? पहिला मान ठरलेलाच होता.

"भात होईपर्यंत बसते," म्हणत हौसाबाईंनी लाल गाडीचा खटका घेतला. अण्णांची निळी.

उन्हं कलली होती. तांब्याच्या पट्ट्यांवर तिरपा उजेड पडून अख्खी फळी भाट्याच्या खाडीसारखी चमकत होती. दोन गाड्या गुणगुणत निघाल्या. चढणीपर्यंत लाल पुढे. अण्णांनी खटका दाबला. निळी जवळ आली, शेजारी आली आणि पुलावर पुढे गेली.

मागे टाकलं. अण्णांना माडांची हिरवी भिंत दिसली, कानात वारं आलं. त्यांनी डावा हात उचलून मागच्यांना प्रेमाने हलवलासुद्धा. निळी धावत राहिली, पावस झालं, पूल झाला, आणि तिच्या समोर लाल गाडीचं बूड आलं.

"ही बघा, माझी पुढे," हौसाबाई म्हणाल्या.

"अगो, मी एक फेरी जास्त फिरलोय."

"कोणी मोजली?"

अण्णांनी लवूने पाडलेल्या खाचेकडे बघितलं, तांब्याच्या पट्टीकडे बघितलं. सगळं लावलं होतं. फेऱ्या मोजायचं काही लावायचं राहिलं होतं.

पुन्हा मागे टाकता आलं असतं. त्यांनी खटका दाबलाही. निळी लालच्या शेजारी आली. आणि कोण जाणे का, बोट तिथेच सैल पडलं. हौसाबाईंनीही सैल सोडलं. दोन गाड्या शेजारी शेजारी, घरघरत, रोलरच्या चालीने पुलावरून निघाल्या.

"आता कशी ओळखीची चालवताय," हौसाबाई म्हणाल्या.

थोडं अंतर त्या तशाच बरोबर राहिल्या. मग स्वयंपाकघरात कुकरने शिटी दिली.

"डबा पुढे पिंपळाखाली ठेवते हां. या सावकाश."

हौसाबाईंनी खटका पूर्ण दाबला आणि लाल गाडी सुटली. अण्णांनी तिला जाऊ दिलं. पुलावरून गेली, चढण चढली, पावसच्या वळणाला वळली आणि मागून त्यांच्याकडेच येऊ लागली. अण्णांनी निळी कडेला घेतल्यासारखी हळू केली आणि वाट बघत बसले.