दहा सेकंदांचं टेस्ट रेकॉर्डिंग

रविवार, सकाळी साडेदहा. घरात मी आणि आई, दोघंच. बायको मुलीला घेऊन शिवडीला माहेरी गेली होती. आदल्या दिवशी, शनिवारी, मुलीच्या क्लाससाठी साडेनऊ हजारांना सेकंडहँड लॅपटॉप आणला होता. हे आधी लिहितो, कारण मी आकड्यांतला माणूस... भुताखेतांचे अनुभव वाचतो तेही चुका काढायला.

आमची खोली करी रोडच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. लॅपटॉपवर लिनक्स होतं, आवाज मात्र येत नव्हता. ऑफिसातल्या नाईकला फोन लावला.

"तुझ्या युजरला साउंडची परमिशनच नाही रे. ऑडिओ ग्रुपात नाव घाल, कमांड पाठवतो. त्यातला 'ए' गाळू नकोस, नाहीतर बाकी सगळ्या ग्रुपांतून तुझं नाव उडेल."

"एवढं कडक?"

"आपली चाळ कमिटी परवडली!"

कमांड दोनदा ताडून टाइप केली. लॉगआउट, परत लॉगिन. मग दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग लावून एक ते दहा मोजलं. आई समोर तांदूळ निवडत होती, एक शब्द बोलली नाही.

फाइल लावली. एक, दोन, तीन, चार... हा माझा आवाज. पुढे माझा धाकटा भाऊ – जो बदलापूरला राहतो!

"आये, सही कर. पावती माझ्या नावावर झाली की मगे दादाक सांगूया."

आणि आई – "दादान माझा इतक्या केल्यान रे..."

पावती म्हणजे भाडेपावती. पागडीच्या खोलीत पावतीवर ज्याचं नाव, खोली त्याची. चाळ पाडून टॉवर झाला की नवं घरही त्याचंच. ती आईच्या नावावर होती. बाबा गेल्यापासून बावीस वर्षं भाडं मी भरतोय. आईचं दुखणंखुपणं मी आणि बायकोने काढलंय.

आईचा हात ताटात थांबला. "सोमवारी तू कामावर होतंस. तुका कोणी सांगल्यान?"

"म्हणजे खरं आहे?"

"तुका नोकरी आसा रे. त्याचा काय?"

"आणि आम्ही कुठे जायचं, आई?"

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

त्या सोमवारी हा लॅपटॉप आमच्या घरात नव्हताच. रविवारच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात नाईकला फाइल ऐकवली – एक ते दहा, फक्त माझा आवाज. माझे कान वाजले म्हणावं, तर मग आईने उत्तर कशाला दिलं? भावाला फोन करून त्याचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "आयेन सांगल्यान ना?"

नाईकने सगळं तपासलं, मीही तपासलं. खुलासा आजही नाही.

एक तारखेला नेहमीसारखा चाळमालकाचे कारकून मेहताजी, त्यांच्याकडे गेलो, दोनशे ऐंशी रुपये भाडं भरलं. त्यांनी पावती भावाच्या नावाने फाडली आणि माझ्या हातात दिली.