डागी माल

बाबांना लकवा झाला तेव्हा आमचं बोलणं बंद होऊन चार वर्षं झाली होती. बाळापूरचं सासर सोडून, एक बॅग घेऊन मी अकोल्याला माहेरी आले, त्या दिवशी ते दारातच म्हणाले होते, "तू आमच्यासाठी मेली." आवाज चढवला नाही. फळांचे अडते ते. नासकी पेटी बाजूला करायला सांगावी, तशा सुरात म्हणाले. मी आल्या पावली अमरावती गाठली, नांदगाव पेठेतल्या कपड्याच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर लागले, आणि मग दोघंही हट्टाला पेटलो. आपलं वाक्य त्यांनी मागे घ्यावं, एवढीच माझी अट होती. भेटायला जाईन तर त्यानंतरच. ते म्हातारे होत चालले होते, मीही काही तरणी नव्हते, पण अट म्हणजे अट.

मग दादाचा फोन आला. उजवा हात गेला, वाचा गेली. अट मनात तशीच ठेवून मी निघाले.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी बसले आणि सलाईनच्या बाटलीवरचं बारीक छापलेलं वाचत राहिले. मावशी गळ्यात पडून रडली तेव्हा मी तिच्या साडीचा फॉल कुठे उसवलाय ते बघत होते. दादा म्हणाला, "तुले काहीच कसं होऊन नाही राहिलं?" मलाही तेच विचारायचं होतं, पण कोणाला विचारणार?

घरी आणल्यावर बाबांकडे होकाराचा एकच शब्द शिल्लक होता. "हाव." चहा पाहिजे का? हाव. नको का? हाव. बोलायचा सराव घेणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येत. त्यांनी हातात चमचा धरून विचारलं, "आजोबा, हा हत्ती आहे का?" तरी हाव. एकदा दादा औषधं आणायला गेला होता, वहिनी मागे कपडे वाळत घालत होती. मी त्यांच्यासमोर बसले आणि विचारून टाकलं, "बाबा, मी मेली का?"

"हाव," ते म्हणाले.

ते उत्तर धरायचं नाही, हे मला कळत होतं. मी उठून चहा ठेवला. साखर टाकली का नाही ते आठवेना म्हणून परत टाकली, आणि तो गोडमिट्ट चहा तसाच प्याले.

बाई म्हणाल्या, ओळखीच्या वस्तू दाखवा, ज्या हाताखालून गेल्यात त्या. दादानं फळं आणली. बाबांनी केळं सालासकट तोंडात घातलं, आणि त्यांची शुगर आधीच वाढलेली. मग प्लॅस्टिकची आणली. ती त्यांनी एकेक करून मोरीकडे भिरकावली. मी म्हटलं, मी विणून आणते.

कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी जेवणाच्या सुट्टीत क्रोशाची फळं विणायची. बोटाएवढी स्ट्रॉबेरी, लिंबाएवढं कलिंगड, किल्लीला लटकवायला. तिनं मला शिकवलं. मधल्या फाशातून गोल सुरू करायचं, टाके वाढवत न्यायचं, पोट धरलं की कमी करत आणायचं आणि तोंड बंद व्हायच्या आत भरून घ्यायचं. वर दोन काळे मण्यांचे डोळे, मध्ये काळ्या दोऱ्याचं हसू, डोळ्यांखाली गुलाबी गाल. "ताई, चेहऱ्याशिवाय क्यूट नाही दिसत," ती म्हणायची. हसणारं फळ मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्या घरी फळ म्हणजे माल. पण हात चालत होते, आणि मोजायला टाके होते, तेवढ्यात वेळ जायचा. शनिवारी दुपारी बडनेऱ्याहून गाडी पकडायची आणि मूर्तिजापूर येईपर्यंत एका सफरचंदाचं पोट भरायचं, असं चाललं. डब्यातल्या बायका विचारत, किती महिन्यांचं बाळ आहे? मी म्हणायची, पंच्याहत्तर वर्षांचं.

सहा फळं झाली. संत्रं, आंबा, सफरचंद, पेरू, डाळिंब, सीताफळ. सीताफळाच्या खवल्यांनी माझा जीव खाल्ला. रविवारी सकाळी दिवाणावर बाबांच्या पुढ्यात ती मांडली. सहाच्या सहा त्यांच्याकडे बघून हसत होती.

बाबांनी डाव्या हातानं संत्रं उचललं. तळहातावर झेललं, दोनदा. मग अंगठ्याच्या नखानं त्याचा एक डोळा खरवडायला लागले. डोळा निघेना, तसं त्यांनी मान झटकली आणि संत्रं डावीकडे सरकवलं. आंबा उचलला, डोळ्यावर नख मारलं, तोही डावीकडे. सगळी फळं डावीकडे गेली, उजवीकडे एकही नाही.

दादाला हसू आवरेना. "डागी माल काढून राहिले वो!"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. संत्र्यावर काळा ठिपका म्हणजे आतून सडायला सुरुवात झालेली, हे मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलेली. दिवसभर मी दुसऱ्यांच्या शर्टांवरचे डाग शोधते, आणि बापासाठी केलेल्या मालावर स्वतःच्या हातानं दोन-दोन डाग टाकून आणले. वर गुलाबी गाल! चिडले मी, खूप दिवसांनी. ते बरं वाटलं, पण गाडीत बसेपर्यंत ओसरलं.

पुढच्या आठवड्यात एकच संत्रं विणलं. डोळे नाहीत, हसू नाही. शेजारची मुलगी म्हणाली, हा तर नुसता चेंडू झाला. आत तिच्याकडचं हलकं फायबर नाही भरलं. जुन्या गादीतला कापूस पिंजून ठासून भरला, म्हणजे हाताला वजन लागेल. देठाच्या जागी हिरव्या दोऱ्याचा एक टाका, बस.

बाबांनी ते झेललं. फिरवून पाहिलं. देठाशी अंगठा दाबला आणि उजवीकडे ठेवलं. दादा बाजूलाच उभा होता. मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरचा पंचा डाव्या हातानं ओढून घेतला, माझ्या हातावर टाकला आणि त्याच्या आत स्वतःचा हात घालून माझी बोटं धरली.

दादा ओरडलाच. "पाह्य! ओयखलं तुले बाबानं! हात धरला, पाह्य!" वहिनीला बोलवायला तो आत पळाला.

त्यांनी मला ओळखलं नव्हतं. दादा दुकानावर फारसा गेला नाही, डबा मी न्यायची, म्हणून हे मला माहीत आहे. तेव्हा फळबाजारात भाव तोंडानं बोलत नसत. अडत्या आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालत. जितकी बोटं धरली तितका भाव. बाकीच्यांना काही कळायचं नाही. पटला तर मान हलवायची आणि हात सोडायचा. लहानपणी मी एकदा गंमत म्हणून त्या रुमालाखाली हात घातला होता. बाबांनी तो बाहेर काढला. "रुमालाखाली परक्याचा हात असते, बेटा. घरच्याले भाव तोंडानं सांगतेत." खरंच, काकाचा माल आला तरी ते सगळ्यांदेखत मोठ्यानं भाव सांगायचे. रुमाल त्यांनी घरच्या माणसावर कधी टाकला नाही.

म्हणजे समोर कोणी व्यापारीण बसली होती, चांगला माल घेऊन आलेली. त्या व्यापारिणीशी त्यांचं भांडण नव्हतं. तिला ते काही म्हणाले नव्हते, त्यामुळे मागे घ्यायचंही काही नव्हतं. माझी अट तिथेच संपली. रडू येईल असं वाटलं. आलं नाही. हात गरम आहे, एवढंच कळलं.

आतून दादाचा आवाज येत होता, वहिनीला तो हुरूपानं सांगत होता. त्याला खरं सांगायचं नाही, हे मी ठरवून टाकलं.

बाबांनी माझी तीन बोटं दाबली. मी मान हलवली नाही. त्यांनी जरा विचार केला आणि चार धरली. मी तशीच बसले. त्यांच्या कपाळावर आठी पडली, ओठाचा चांगला कोपरा वर गेला. सौद्याला रंग चढला की तो तसाच जायचा. त्यांनी पाचही बोटं मुठीत घेतली.

भाव मला पहिल्यालाच पटला होता. पण हो म्हटलं असतं तर त्यांनी हात सोडला असता. मी पुन्हा मान हलवली नाही.