घरच्या बियाण्याचा तोरा

गावात राहायला आलो तेव्हा नवऱ्याने एकच अट घातली होती: गॅस सोडायचा नाही. मी कबूल केलं. बाकी सगळं माझ्या मर्जीने चालतं. तुरीची डाळ घरच्या जात्यावर, तेल आपल्याच करडीचं, भाजी परसातली, अंडी कोंबड्यांची. तालुक्याच्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत बावीस वर्षं काढलेल्या बाईला हे सुख काय असतं, ते मलाच विचारा. ताटात मिठाशिवाय काही विकतचं नाही हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगते, आणि एकदा सांगून माझं भागत नाही.

तोटे आहेतच. म्हैस आहे म्हणून कोणाच्या लग्नाला मुक्काम करता येत नाही. गुडघे बोलतात. ताप आला तरी जीप मिळेपर्यंत फाट्यावर उभं राहावं लागतं. एवढं मी हसत चालवून घेते. खरा तोटा काही वर्षांपूर्वी सोयाबीनच्या बियाण्याने दाखवला.

बी मी घरचंच ठेवते. आमच्या बांधाला लागून गावातल्या एका तरण्या सुनेचं दोन एकर शेत आहे. तिचा नवरा शेलूबाजारला जीप चालवतो, शेती तीच पाहते. ती दुकानातून बियाणं आणायला निघाली, तर मीच तिला अडवलं. "कायले इकत आनतं? माह्यं ने." बदल्यात ती माझ्या तुरीतलं तण निंदायला येणार होती.

वैशाखात मी गव्हाला, डाळींना ऊन देते, म्हणजे कीड लागत नाही. त्या वर्षी उत्साहाच्या भरात बियाण्यालाही दिलं. पत्र्यावर, तीन दिवस, कडकडीत. आधीची वर्षं ते सावलीत पडून असायचं, ते केवळ माझ्या आळसामुळे. मग तिची पोती मी तिच्या घरी पोचती केली.

पेरणी तोंडावर आली तेव्हा शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवले. पाचव्या दिवशी उघडलं तर एकोणचाळीसच दाण्यांना मोड. मी पुन्हा मोजले. तेवढेच.

"लय ऊन देल्लं तू," नवरा म्हणाला. "गहू हाये का ते?"

दुकानातलं बियाणं उगवलं नाही की दुकानदाराला शिव्या घालता येतात, तक्रार करता येते, चारचौघांत बोंब मारता येते. घरचं उगवलं नाही की शिव्या घालायला कोणी सापडत नाही. घरचं बी मी अजूनही ठेवते, सावलीत वाळवून, आणि ते छान उगवतं. पण त्या दिवशी माझी पार जिरली होती. आमचं आम्ही निभावून नेलं असतं. तिचं तसं नव्हतं. त्या दोन एकरांवर तिचं वर्ष होतं.

नवऱ्याने तोड काढली. "तिले फक्त दाट पेरजो म्हन. बाकी सांगाची गरज नाई."

सांगायला लाज वाटते, पण मला ती तोड आवडली. दोन दिवस मी तीच मनात घोळवत होते. विहिरीवर ती समोरून आली तेव्हा मी म्हशीचं निमित्त करून वळले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेता उठले आणि तिच्या घरी गेले.

ती शेणाने अंगण सारवत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. पत्रा, ऊन, एकोणचाळीस, नवऱ्याची तोडसुद्धा. म्हटलं, "ते बी पेरू नको माय. चूक माही हाये."

तिचा हात थांबला नाही. "मले मालूम हाये काकू. पोते आले त्याच दिवशी म्या दाने उगवून पाह्याले टाकले होते. दुसरं बी आनून ठेवलं कवाचंच."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुमी सांगाले येता का नाई, तेच पाहून राह्यली होती."